आमची वाटचाल : भट्टीपाशी माणूस ओळखताना

कोल्हापूरचा फाउंड्री (ओतकाम) उद्योग उसाचे चरक आणि ऑइल इंजिने यांच्या गरजेतून वाढला. त्याच परंपरेत वडिलांनी शिरोली औद्योगिक वसाहतीत ग्रे आयर्न कास्टिंगचा, म्हणजे बिडाच्या ओतीव भागांचा, आमचा छोटा कारखाना उभा केला. पुढे विजेवरची भट्टी आली, पंपांच्या आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची कामे मिळाली. या प्रवासात आमची पत टिकली, याचे श्रेय मी यंत्रांइतकेच माणसांचे मन ओळखून काम घेण्याच्या वडिलांच्या रीतीला देतो.

फाउंड्रीतला दोष पुष्कळदा उशिरा उघड होतो. सुमारे १४०० अंश सेल्सिअसचे वितळलेले लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ते साच्यात ओतायच्या भांड्यात, रेंगाळले, तर थंडावते आणि साच्यात त्याचे प्रवाह नीट एकजीव होत नाहीत. वरून बरे दिसणारे असे कास्टिंग ग्राहकाच्या मशीनवर गेल्यावर रिजेक्ट होते. हे सर्वांत आधी कळते ते ओतणाऱ्याला. त्याने "मालक, मेटल गार झालंय, परत भट्टीत घालूया" असे म्हणायचे की गुपचूप ओतून मोकळे व्हायचे, हे मागच्या खेपेस असे सांगणाऱ्याला आपण काय ऐकवले होते यावरच ठरते. म्हणून दोष आपणहून सांगणाऱ्यावर आमच्याकडे कोणी आवाज चढवत नाही. वडील स्वतः रागावलेले असले, तर आधी आवारात एक फेरी मारून येत आणि मगच बोलत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले. आमचे बरेच कामगार शिरोळ तालुक्यातले. पाणी ओसरून ते परतले, तेव्हा ऑर्डरी खोळंबल्या होत्या. ओले भंगार भट्टीत पडले की पाण्याची क्षणात वाफ होऊन लोखंड उसळते. अशा दिवसांत भंगार भरणाऱ्याचे चित्त थाऱ्यावर नसेल, तर जिवाशी गाठ असते. ज्याच्या घरात अजून चिखल आहे, ज्याची दुभती म्हैस गेली आहे, त्याची हजेरी लागली तरी मन गावाकडेच असणार. त्यामुळे एकेकाशी बोलून आम्ही कामे वाटली, काहींना भट्टीवरून कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवण्याच्या विभागात, हलवले, मागण्याची वाट न पाहता उचल दिली आणि माल उशिरा मिळेल असे ग्राहकांना स्पष्ट कळवले. एका ग्राहकाने काम दुसरीकडे नेले. तो तोटा आम्ही सोसला, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

याचा अर्थ ढिलाई असा मात्र नाही; चष्मा आणि हातमोजे न घालता लॅडलजवळ जाणाऱ्याला त्या पाळीत काम मिळत नाही, मग तो कितीही जुना असो. सुपरवायझर नेमताना हाताखालची माणसे त्याच्याकडे अडचण घेऊन जातात का, हे मी आधी पाहतो. साचे बनवणाऱ्या कसबी मोल्डरला तो मान मिळाला नाही तर वाईट वाटते, म्हणून त्याचा पगार सुपरवायझरच्या बरोबरीने ठेवण्याची पद्धत आम्ही पाडली आहे.