तांबड्या जेवत नाही

आमच्या मंगळवार पेठेत कुणी दोन घास कमी जेवलं, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघतात आणि मग स्वयंपाक करणारीच्या तोंडाकडे. न जेवण्याची कारणं पेठेला दोनच माहीत, ताप नाहीतर रुसवा. माणसाला नुसतीच भूक नाही, असं असू शकतं यावर इथं कुणाचा विश्वास नाही. अशा घरात कुत्र्याचं पिल्लू आलं आणि चार महिन्यांचं झाल्यावर एका सकाळी त्यानं ताटलीकडे पाठ फिरवली. पुढं काय गहजब झाला हे कोल्हापूरकराला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो.

पिल्लाचं नाव तांबड्या. तालमीमागच्या बोळातल्या गावठी कुत्रीचं हे पोर. आलं तेव्हा खायला इतकं हावरं, की ताटली चाटूनपुसून झाल्यावर ती नाकानं ढकलत मोरीपर्यंत न्यायचं आणि तिथं पुन्हा चाटायचं. भात, चपातीचा कुस्करा, उकडलेलं चिकन, कशाला नाही म्हणणं नव्हतं. आणि त्या सकाळी त्यानं ताटलीचा वास घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि जिन्याखाली जाऊन आडवा झाला.

बातमी बोळभर व्हायला सकाळचा चहा पुरला. शेजारच्या आक्का पदर खोचून आल्या, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "आगं बया, पोट पाठीला लागलंय की ह्येचं! वाईच पांढरा रस्सा चाटवा, दुपारपातूर टुणटुणीत हुतंय बघा." तालमीतल्या तात्यांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज असतो, गंगावेशीतलं दूध. तिथं कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. त्या दुधावर पैलवान उभे राहिले, मग हे कुत्रं काय चीज आहे, हा त्यांचा हिशोब. आईनं दोघांचंही ऐकलं नाही. मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन तिनं दृष्ट काढली आणि निखाऱ्यावर टाकली. घरातल्या कुणाला ठसका आला नाही, म्हणजे नजर लागलेलीच होती, असं तिनं जाहीर केलं. तांबड्या तेवढ्यात दाराबाहेर जाऊन चारपाच वेळा शिंकून आला होता, पण त्याची साक्ष कुणी धरली नाही. दुपारी सांगलीहून मेहुणा आला, तो येताना तासगावचे बेदाणे घेऊन आला. "गोड असतंय, खाईल की," म्हणाला.

एव्हाना ओट्यावर रश्श्याचं पातेलं, दुधाचा तांब्या आणि बेदाण्यांची पिशवी अशी मांडामांड झाली होती. गंमत अशी, की प्रेमानं आलेल्या या तिन्ही वस्तूंतली एकही त्याला घालण्याजोगी नव्हती. पांढऱ्या रश्श्यात मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू असतात ते असतात, पण कांदा-लसणाशिवाय आमच्याकडे पातेलं चुलीवर चढत नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवला, तळला, वाळवून भुकटी केली तरी त्याचा गुण जात नाही. बेदाण्याचं तर फारच वाईट. द्राक्षं आणि बेदाणे थोडेसे खाऊनही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचा अंदाज आधी बांधता येत नाही. दूध त्यामानानं गरीब, पण आईचं दूध सुटलं की पिल्लाची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते. वर म्हशीच्या दुधाची साय. पिल्लू पैलवान व्हायच्या आधी रात्रभर अंगणात फेऱ्या मारायला लागेल.

संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. आमचे जनावरांचे डॉक्टर कमी बोलतात. "खात नाही," एवढं मी सांगितल्यावर त्यांनी खाण्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. पाणी पितोय का? उलटी? शी पातळ आहे का, त्यात रक्त? सकाळी चेंडू टाकला तर धावला का? जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? लसी कुठवर आल्यात? मग ओठ वर करून हिरडी बोटानं दाबली आणि सोडली. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर गेली. ती तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजायचं. ताप 101.8 भरला. मी दचकलो, तर म्हणाले, कुत्र्याचं अंग माणसापेक्षा गरमच असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइटपर्यंत काही नाही.

ते ज्याला भीत होते त्याचं नाव पार्व्हो. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगाच्या नजरेस आला आणि पिल्लांचा काळ होऊन बसला. पिल्लू आधी खाणं सोडतं, मलूल पडतं, मग उलट्या आणि घाण वासाचे रक्ताचे जुलाब. लस अपुरी असलेलं पिल्लू दोनतीन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकतं. हा विषाणू मातीत, फरशीवर, चपलेच्या तळव्याला महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे पिल्लू घराबाहेर पडलं नाही म्हणून सुटलं असं नसतं. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करायच्या आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यायच्या, त्या यासाठी. लस टोचल्यावर एखादा दिवस पिल्लू सुस्तावून कमी खातं, तो भाग वेगळा. जंतांचंही तसंच, पोट नगाऱ्यासारखं, अंगावरचे केस निस्तेज आणि खाण्याचा कधी मारा तर कधी कंटाळा. शिवाय आमच्याकडे गोचिडी कमी नाहीत, त्यांच्यामुळे येणाऱ्या तापातही आधी भूकच जाते आणि हिरड्या फिक्या पडतात.

डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. न खाणारं पण उड्या मारणारं पिल्लू एक दिवस थांबू शकतं. न खाणारं आणि कोपऱ्यात पडून राहणारं पिल्लू घेऊन लगेच यायचं, रात्र असली तरी. अगदी लहान किंवा चिमुकल्या जातीचं असेल तर अर्धा दिवसही थांबू नये, त्यांच्या रक्तातली साखर भराभर उतरते.

तांबड्या टेबलावर उभा राहून डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची नळी चावत होता. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून मला आत बघायला लावलं. पुढचे दोन दात गायब आणि सुळा लगालगा हलतोय. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात; चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. हिरड्या ठणकतात, कडक काही चावलं की कळ जाते. मग मला आठवण झाली ती माझ्या चपलेची. गेल्या आठवड्यात तिचा अंगठा आणि कान दोन्ही नाहीसे झाले होते. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, पण तिची खरी पारख तांबड्याला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या फळांत कमावलेलं कातडं, चिवट आणि दातांत दबणारं. "चप्पल चावतोय आणि जेवत नाही म्हणजे भूक नाही असं नव्हे, तोंड दुखतंय," डॉक्टर म्हणाले, आणि फडकं ओलं करून फ्रीजमध्ये गार करून चघळायला द्यायला सांगितलं. बिल चपलेच्या किमतीपेक्षा कमी आलं.

आणखी एक कारण वाटेत माझ्या डोक्यात आलं, ते डॉक्टरांच्या वहीत नव्हतं. एप्रिलचा दुसरा पंधरवडा होता. आमच्याकडे हा चटणीचा हंगाम. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्या गच्चीवर वाळतात, खोबरं-तीळ भाजले जातात, कांदा-लसूण परतला जातो, आणि चटणी कांडायच्या डंकावर रांगा लागतात. त्या आठवड्यात माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरतात. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या दहा ते तीस कोटी. उलट चव कळणारे अंकुर आपल्या जिभेवर नऊ हजारांच्या घरात, त्याच्या जिभेवर जेमतेम सतराशे. म्हणजे जिभेनं आपण श्रीमंत आणि नाकानं तो. त्याचं निम्मं जेवण नाकातच होतं, आणि आम्ही ते नाक भाजलेल्या मिरचीनं भरून टाकलं होतं. वर उन्हाचा कडाका. त्यात त्या वयात पिल्लाची वाढण्याची गती मंदावायला लागते, अंगाच्या मानानं आधीइतकं लागत नाही. घरात मात्र आलं तेव्हाचं माप चालू होतं. चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा द्यायचं, पुढं सहा महिन्यांपर्यंत तीनदा, नंतर दोनदा, हा साधा नियम. आमच्याकडे आई एकदा, मुलगी एकदा, मी एकदा आणि आक्का मधूनमधून.

आक्कांचा विषय नाजूक आहे. पिल्लानं ताटली सोडली की पाच मिनिटांत आक्का काहीतरी हातात घेऊन हजर. ताटलीतला भात नको म्हटलं की चिकनचा तुकडा येतो, चिकनचा नको म्हटलं की अंडं येतं, आणि हे सगळं येताना "खा की रं राजा, वाईच खा" अशी आर्जवंही येतात. रुसलेल्या जावयाला काय बडदास्त मिळाली असेल! डॉक्टरांनी औषध म्हणून लिहून दिलं ते असं: जेवण पंधरा-वीस मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर न बोलता उचला, पुढच्या वेळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. बक्षिसाचा खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. "आणि भोवती गर्दी करू नका," हे शेवटी, चष्म्यावरून बघत. हा उपाय अर्थातच धडधाकट पिल्लासाठी. तपासून घेतल्याशिवाय कुणी असा हट्टाला हट्ट करू नये.

गर्दीचं मला पटलं, कारण मी ती पाहिली होती. तांबड्याच्या ताटलीभोवती आई, बायको, मोबाइल धरून मुलगी, दारात आक्का, खिडकीत तात्या. खासबागेत कुस्ती लागली की असे लोक वाकतात. एवढ्या डोळ्यांसमोर मीही जेवलो नसतो. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव घंटा वाजताच कुत्र्याला सुटणाऱ्या लाळेशी जोडलं जातं, पण त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. अन्न पोटात पडायच्या आधीच, नुसत्या खाण्याच्या ओढीनं कुत्र्याच्या जठरात रस सुटतो, हे त्यानं दाखवलं होतं. ओढ असेल तर रस सुटणार. आक्कांच्या पहाऱ्यात कसली ओढ लागतेय?

मग आम्ही ताटलीची जागा बदलली. स्टीलची ताटली शहाबादी फरशीवर घसरायची, खणखणायची; खाली गोणपाटाचा तुकडा घातला आणि ती मागच्या पडवीत नेली, जिथं चटणीचा वास कमी होता. भात मऊ गिजगा केला, बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात कालवला आणि बोटाला कोमट लागेल इतपत ठेवला. कोमट अन्नाचा वास जास्त सुटतो; फ्रीजमधलं गारढोण त्याच्यापुढं ठेवणं म्हणजे मीठ नसलेली आमटी वाढणं. हाडं मात्र बंद. शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होऊन आतडं फाडतात. आईची एक शंका होती, की कुत्र्याला भाताभाकरीवर ठेवलं तर त्याचे हाल होतात. निम्मं खरं आहे, नुसत्या भातावर वाढत्या पिल्लाचं भागत नाही, प्रथिनं आणि कॅल्शियमचा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्यावा लागतो. पण 2013 मध्ये लांडगा आणि कुत्र्याच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी पट जास्त सापडल्या. माणसाच्या दाराशी राहून हे जनावर पिढ्यान् पिढ्या भाकरी पचवायला शिकलंय. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आमचं पूर्वीपासून काय चुकत होतं?"

पहिल्या वेळी ताटली जशीच्या तशी परत आली. घरात सुतकी शांतता. आई दोनदा पडवीच्या दाराशी जाऊन परतली. दुसऱ्या वेळी त्यानं कडेकडेनं चाटलं. ताटली रिकामी झाली ती घरातले सगळे टीव्हीपुढं असताना, कुणाच्याही नकळत, आणि पुढचं घसरत-ढकलत मोरीपर्यंत नेणंही त्यानं उरकलं होतं. हलणारा सुळा मुलीला गोणपाटाखाली सापडला. तो तिनं कंपासपेटीत ठेवलाय.

आता त्याचं वजन आम्ही दर रविवारी करतो. मी त्याला उचलून काट्यावर उभा राहतो आणि मग माझं वजन वजा करतो. त्यामुळे माझंही वजन घरात जाहीर होतं, हा या सगळ्यातला एकच तोटा. काटा पुढं सरकतोय तोवर कुणी एक वेळ कमी खाल्लं म्हणून ओरडायचं नाही, असं ठरलंय. आक्कांच्या मते तो रश्श्यानं बरा झाला आणि बोळात त्या तसंच सांगत असतात. ते पातेलं त्या दिवशी मी आणि मेहुण्यानं मिळून संपवलं, हे त्यांना सांगायची छाती अजून घरात कुणाला झालेली नाही.