काळी वडी

आमच्या शाळेत आठवीच्या चित्रकलेच्या पहिल्या तासाला सर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बाकाबाकांवरून फिरायचे आणि प्रत्येकाच्या रंगपेटीतली काळी वडी काढून डब्यात टाकायचे. नवीकोरी पेटी, बारा वड्या, वडिलांनी पगाराच्या दिवशी आणलेली. त्यातली एक पहिल्याच दिवशी जप्त! कारण विचारलं तर म्हणायचे, "सावली काळी नसते रे." मग सगळ्या वर्गाला मागच्या अंगणात नेऊन चुना मारलेल्या भिंतीवरची गुलमोहराची सावली दाखवायचे. "कुठला रंग दिसतो?" आम्ही एका सुरात सांगायचो, "काळा, सर!" सर कपाळावर हात मारून घ्यायचे. गडद रंग हवा असेल तर अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळायची, असा त्यांचा नियम. माझ्या हातून त्याचा चिखल व्हायचा.

म्हणून मी माझी वडी कंपासपेटीत, कर्कटकाखाली लपवली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ती उपयोगी पडली. स्मरणचित्राला मी बाजार काढला आणि प्रत्येक टोपलीखाली, प्रत्येक माणसाच्या पायाशी छान काळीकुट्ट सावली पाडली. पर्यवेक्षणाला सरच होते. माझ्यामागे येऊन जरा वेळ थांबले, काही न बोलता पुढे गेले. निकालात मला सी श्रेणी मिळाली. चित्रकलेशी माझा संबंध तिथे संपला; पुढे मी कॉमर्सला गेलो आणि आयुष्यभर कारखान्यांचे हिशेब पाहिले.

कंपनीच्या कामासाठी एकदा पॅरिसला जावं लागलं. मधला रविवार मोकळा होता, आणि हॉटेलवर कुणीतरी ओर्सेचं संग्रहालय सुचवलं. ही इमारत मुळात रेल्वे स्टेशन. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, पुढे लांब गाड्यांना फलाट अपुरे पडू लागले म्हणून मागे पडलेलं, आणि १९८६ पासून संग्रहालय. भलंमोठं घड्याळ अजून आहे. आत शिरल्यावर क्षणभर तिकिटाची खिडकी शोधावीशी वाटते.

फिरता फिरता क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या एका बर्फाच्या चित्रापाशी पाय थांबले. नाव 'मॅगपाय', म्हणजे एक काळापांढरा पक्षी; चित्र १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं. शेताचं कुंपण, एक लाकडी फाटक, फाटकावर बसलेला तो पक्षी, बाकी सगळीकडे बर्फ. आणि कुंपणाची सावली निळी. निळसर वगैरे नव्हे, चक्क निळी, जांभळ्याकडे झुकणारी! अख्ख्या चित्रात काळा काय तो त्या पक्ष्यापुरता आणि इकडेतिकडे चिमूटभर. मी मनात म्हटलं, सर, सापडलं.

त्यातलं शास्त्र नंतर वाचून समजलं, आणि ते आठवीच्या मुलालाही समजेल इतकं साधं आहे. सावलीत सूर्याचं थेट ऊन पोचत नाही, पण आकाशाचा निळा उजेड पोचतोच. शिवाय पिवळट उन्हाशेजारी कुठलाही करडा रंग डोळ्याला निळा-जांभळा भासतो. शेजारचे रंग एकमेकांना असे बदलतात, हे शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच लिहून ठेवलं होतं. तो पॅरिसमधल्या गोबलँच्या विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. चुन्याच्या भिंतीवर सर आम्हाला हेच दाखवत होते. आम्ही भिंतीकडे पाहत होतो, पण उत्तर पाठ केलेलं देत होतो.

त्या काळच्या जाणकारांचंही आमच्यासारखंच झालं. 'मॅगपाय' १८६९ च्या सरकारमान्य प्रदर्शनात, म्हणजे सालोंमध्ये, नाकारलं गेलं. मग १५ एप्रिल १८७४ ला मोने आणि त्याच्या चित्रकार मित्रांनी छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचंच प्रदर्शन मांडलं. मोनेच्या 'इंप्रेशन, सूर्योदय' या नावावरून लुई लरुआ या पत्रकाराने चेष्टेने त्यांना इंप्रेशनिस्ट म्हटलं, आणि तेच नाव चिकटलं. आपल्याकडे त्याचं दृक्प्रत्ययवाद झालं. परीक्षेत पाच गुणांना येईल असं भारदस्त. त्याच प्रदर्शनात कामीय पिसारोचं दहिवर पडलेल्या शेताचं चित्र होतं. तेही ओर्सेत आहे. नांगरलेल्या जमिनीवर तिरक्या लांब सावल्या पडल्यात, पण ज्या झाडांच्या त्या सावल्या, ती झाडं चित्रात नाहीतच, चौकटीबाहेर कुठेतरी उभी आहेत. लरुआने त्याला मळक्या कॅनव्हासवर टाकलेली पॅलेटची खरवड म्हटलं. आणखी एका समीक्षकाला झाडांवाचून सावल्या ही घोडचूक वाटली. मला मात्र त्या चित्रापुढे पहाटेच्या गारठ्यात सायकलवरून शाळेला येतानाचा रस्ता आठवला. आपली सावली आपल्या आधी पोचायची, तो.

याच मंडळींतल्या रन्वारच्या चित्रांकडे मी फार थांबलो नाही. इतके गुलाबी गाल मला सोसत नाहीत. माझा दोष असेल.

परतताना मात्र घोटाळा झाला. एदुआर मानेने १८७२ मध्ये काढलेलं बेर्त मोरिझोचं चित्र समोर आलं. मोरिझो स्वतः त्या कंपूतली पट्टीची चित्रकार. माने सगळ्यांचा दोस्त, पण त्यांच्या आठपैकी एकाही प्रदर्शनात त्याने चित्र दिलं नाही. तर या चित्रात बाईंची टोपी काळी, पोशाख काळा, गळ्यातली फीत काळी. आणि तो काळा असा जिवंत, ताजा, की शेजारचा चेहरा उजळून निघालाय. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. काळा रंग इतका देखणा असू शकतो, तर तो डबा कशासाठी होता?

पुढल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा सरांना भेटलो आणि हेच विचारलं. सरांनी मानेचं ते चित्र पुस्तकात पाहिलेलं होतं. म्हणाले, "अरे, काळा वाईट नाही. पण तो हाताशी असला की पोरं बघायचं सोडतात. दहावीनंतर ज्याने मागितली त्याला मी वडी परत द्यायचो. तू आलाच नाहीस मागायला."

"माझी तुमच्याकडे नव्हतीच, सर."

"ठाऊक आहे. बाजारात दिसली होती."

ती वडी अजून त्याच कंपासपेटीत आहे. वाळून मधोमध तडकली आहे. सर आता नाहीत. तो पत्र्याचा डबा चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटात अजून असेल, तर शाळेच्या समारंभाच्या दिवशी मला पाच मिनिटं त्या खोलीची किल्ली हवी आहे.