उंट, सुई आणि आमची बायबल स्टडी

कुणी घरगुती बायबल स्टडी घेणार असाल आणि विषय नम्रता आणि श्रीमंती असेल, तर एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, उंट आला की काय करायचं. माझा अर्धा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, त्या उंटाने खाल्ला आणि चिडचिड अजून गेलेली नाही म्हणून लिहितेय.

झालं असं की आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लेंटमध्ये गटागटाने घरोघरी वचन वाचायला सांगितलं आणि आमच्या गटाची लीडर मी झाले, कारण बाकी सगळे नको म्हणाले. आम्ही सातआठ जण, पिंपरी-चिंचवडला राहणारे पण मूळ बहुतेकांचं नगर जिल्ह्यातलं. कंपनीतून रिटायर झालेले दोघं, एक नर्स, नवीन टू बीएचके घेतलेलं एक तरुण जोडपं, आमचे हेडमास्तरकाका आणि एक मावशी ज्या चार घरी स्वयंपाकाला जातात. पहिल्या दोन बैठका मस्त झाल्या. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं ते, मग लूकच्या शुभवर्तमानातल्या १४ व्या अध्यायातलं मेजवानीत वरची जागा धरू नका ते. सगळे आमेन आमेन, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची दोन पदं म्हटली, चहा घेतला, घरी गेलो. नम्रतेबद्दल बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं.

मग आला मार्कच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय. एक श्रीमंत माणूस धावत येतो, गुडघे टेकतो, येशू त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती करतो आणि सांगतो जा, आहे ते विकून गोरगरिबांना दे, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. मी म्हटलं श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, याचा अर्थ काय, बोला. संपलं. हेडमास्तरकाकांनी चष्मा पुसला आणि सुरू. यरुशलेमला म्हणे एक छोटा दरवाजा होता, त्याचं नावच सुईचं नाक, रात्री मोठी वेस बंद झाली की व्यापारी उंटावरचं ओझं उतरवायचे, उंटाला गुडघ्यावर बसवायचे आणि सरकवत आत घ्यायचे. म्हणजे काय, श्रीमंताने जरा वाकायचं की झालं! नम्रता पण आली, श्रीमंती पण राहिली. सगळ्यांचे चेहरे असे खुलले की काय सांगू.

आता ही गोष्ट मी पण लहानपणापासून ऐकलीय, पण तयारी करताना शोधलं होतं. येशूच्या काळी यरुशलेमला असा दरवाजा होता याला काहीही पुरावा नाही, ही गोष्ट कित्येक शतकांनंतरच्या भाष्यकारांच्या लिखाणात सापडते. यहुद्यांच्या बाबिलोनी तालमूद या धर्मग्रंथात तर अशीच म्हण हत्तीची आहे, सुईच्या नाकातून हत्ती, मग हत्तीसाठी कुठला दरवाजा काढायचा? आणि सगळं सोडा, पुढचंच वचन वाचा ना. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण, म्हणजे उद्धार, होणार तरी कुणाचा? येशू म्हणतो माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. उंट गुडघ्यावर बसून जात असता तर त्यांनी थक्क कशाला व्हायचं, आणि अशक्य कसलं मग ते?

काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाळ, आमच्या रेव्हरंड साहेबांनी पुलपिटवरून सांगितलंय." पुढच्या बैठकीला ते व्हॉट्सअपवर आलेला कुठल्यातरी दगडी दाराचा फोटो घेऊन आले. मोबाइल हातोहात फिरला. तो आठवडा पण गेला. त्याच्या पुढच्या वेळी मी विषय बदलावा म्हणून श्रीमंत म्हणजे कोण असं विचारलं तर उत्तरं आली अंबानी, बिल्डर लोक, गल्फवाले, आणि एकजण म्हणाले मिशनच्या जमिनी विकणारे, त्यावर मात्र सगळे अर्धा तास मनापासून बोलले. आपल्यातलं कुणी नाही. टू बीएचकेवाला म्हणतो ताई, आम्ही ईएमआयवाले, आम्ही कसले श्रीमंत. लगेच कुणीतरी बायबलमधल्या नीतिसूत्रांचा ३० वा अध्याय काढला, दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, म्हणजे आपण बरोबर मधले. अहो ती प्रार्थना आहे, तुमचं उत्पन्नाचं सर्टिफिकेट नाही, असं अगदी तोंडावर आलं होतं, गिळलं. तेव्हा मला कळलं की दरवाजा काकांचा एकट्याचा नव्हता, सगळ्यांनाच तो उघडा हवा होता.

एक टिप इथेच सांगते नाहीतर राहील. मार्कपेक्षा हा भाग लूकमधून घ्या आणि १८:९ पासून १९:१० पर्यंत एका दमात मोठ्याने वाचून घ्या, आठदहा मिनिटं लागतात. आधी स्वतःला धार्मिक समजणारा परूशी आणि छाती बडवणारा जकातदार, मग बाळकं, मग हा श्रीमंत अधिकारी आणि उंट, मग यरीहोचा आंधळा आणि लगेच जकातदारांचा मुख्य जक्कय. जक्कय पण धनवान आहे आणि त्याच्या घराला तारण मिळतं, म्हणजे उंट गेला की हो! पण जाताना अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. हे सलग ऐकल्यावर काका पण थोडे गप्प झाले. थोडेच.

गाडी खरी निघाली ती याकोबाच्या पत्रावर. अध्याय २, सोन्याची अंगठीवाला आला की या साहेब इथे बसा, आणि मळक्या कपड्यांचा आला की तू तिथे उभा राहा. मी काही अर्थ सांगितला नाही, फक्त विचारलं आपल्या चर्चमध्ये पंख्यांच्या पात्यांवर कुणाकुणाची नावं आहेत. सगळ्यांना पाठ! आडनावासकट, कुणाच्या स्मरणार्थ त्यासकट, आणि एका पंख्याचं नाव पुसट झालं म्हणून झालेलं भांडण पण. मग चर्चच्या हार्वेस्ट सणातला लिलाव निघाला, एका नारळाची बोली कुणी कुठपर्यंत नेली आणि माइकवर नाव दोनदा का घेतलं. हसून हसून पुरेवाट, पण सगळं आपल्याबद्दलच चाललं होतं आणि कुणी अंबानीकडे पळालं नाही.

मग अध्याय ५, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय ते वचन. जोडीला जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय ठेवा, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे. नर्सताई प्रामाणिकपणे म्हणाल्या आम्ही बाईचे खाडे कापतो. तोपर्यंत एका बैठकीतही न बोललेल्या मावशी, पदर नीट करत म्हणाल्या, "खाडे कापतात त्याचं काही नाही ओ. पण सात तारीख गेली तरी देत नाहीत, आणि मागायला गेलं की लाज आपल्यालाच वाटते." काकांनी बायबल उघडलं, काहीतरी शोधलं, परत मिटलं. नंतर जिना उतरताना त्यांनी मला विचारलं, आमच्याकडच्या बाईंना पगार कोण देतं गं, सून देते वाटतं, विचारायला पाहिजे. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की घरी जाऊन नम्रतेवर परत वाचावं लागलं.

बाकी छोट्या गोष्टी. प्रत्येकाला वाचायला द्या, पण कुणाला वाचताना अडखळायला होत असेल तर आधी फोन करून वचन सांगून ठेवा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली ते जरूर सांगा, पण शेवटी सांगा, आधी सांगितलं तर लोक टिळकांच्या आठवणींतच रमतात. दानाचा आकडा कुणालाही विचारू नका. पाळकसाहेबांना एखाद्याच बैठकीला बोलवा, ते असले की सगळे परीक्षेला बसल्यासारखे बोलतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी पहिल्यांदा लिहायला हवं होतं, नाश्ता. पहिल्या घरी पोहे होते, दुसऱ्या घरी इडली आणि गुलाबजाम, तिसऱ्या घरी चक्क पेस्ट्री मागवली, आणि मावशींची पाळी आली की त्यांच्याकडे दर वेळी कुणीतरी पाहुणे यायचे. लक्षात आल्यावर मी ग्रुपवर टाकलं की यापुढे फक्त चहा आणि पार्ले-जी, कुणीही काहीही करायचं नाही. पुढची बैठक मावशींकडे झाली, खाली सतरंजीवर, सगळे मावले. त्याच्या पुढची टू बीएचकेवाल्यांकडे होती, आणि दुपारी त्याचा मेसेज, ताई, पॉपकॉर्न नाश्त्यात धरायचा का?