आधी का गेलं ते सांग, मग बोअर करतो

“दहा वर्षांपेक्षा जुनं मशीन आम्ही आत घेत नाही.” शोरूमच्या काउंटरवरच्या मुलीनं हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की भांडायलाही जागा उरली नाही. बाहेर ट्रेलरवर माझी १९९७ सालची तीन सीटची जेट-स्की, म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटरच, आत चकचकीत नव्या मशीनची रांग. निघताना तिनं नव्या मॉडेलचं माहितीपत्रकही हातात ठेवलं.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे पचत नाही हो. तिथल्या वर्कशॉपांच्या वस्तीत, शिवाजी उद्यमनगरात, कुणी मिस्त्री गाडीचं वय विचारून नकार देतोय, हे मी कधी पाहिलं नाही. बजाजची एम-८० असो नाहीतर शेतावरचं ऑइल इंजिन, “ठेवा, बघतो” एवढंच उत्तर. आणि इथं कॅनडात, जगातलं हरेक हत्यार ज्या देशात विकत मिळतं तिथं, मशीन जुनं म्हणून वर्कशॉपचं दार बंद.

जेट-स्की म्हटलं की गावाकडून “मजा आहे बुवा तुझी” येतंच, म्हणून आधीच सांगून टाकतो. ट्रेलरसकट ही सेकंड-हँड घेतली ती आमच्या दोघांच्या भारताच्या तिकिटांपेक्षा कमी पैशांत. ओंटारिओत जेट-स्की चालवण्याजोगी हवा मिळते ती चार-पाच महिने, हिवाळ्यात आमचं तळं, लेक सिमको, गोठतं आणि लोक त्यावर तंबू टाकून मासे धरत बसतात. तेवढ्या उन्हाळ्यात पोरांनी घरात मोबाईल चोळत बसावं का? चालवायला लागणारं सरकारी कार्डही परीक्षा देऊन रीतसर काढलंय.

तर झालं असं. पूर्ण थ्रॉटलवर असताना मागून कुणी धरून ठेवल्यासारखा जोर कमी झाला आणि इंजिन बंद. एका मासेमारीच्या बोटवाल्यानं न विचारता दोर टाकला, धक्क्यापर्यंत ओढून आणलं आणि पेट्रोलचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. घरी आल्यावर दोन्ही प्लग काढले. पुढच्या सिलिंडरचा प्लग तपकिरी, हवा तसा. मागच्याच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके. तिथंच निम्मं निदान झालं. ऑटो पार्टच्या दुकानात डिपॉझिट भरून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) मिळतो, गेज परत दिला की पैसे परत, हे मात्र कौतुक करण्यासारखं. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून स्टार्टर मारला. पुढचा सिलिंडर १५० पीएसआय, मागचा साठच्या आसपास रेंगाळला.

इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, ७१८ सीसीचं, रोटॅक्स कंपनीचं, मूळ ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्खेनचं. हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर मागचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला उभा खरवडलेला, रिंगा खाचेत चिकटलेल्या. चारही कोपऱ्यांवर ओरखडे असते तर थंड इंजिन एकदम ताणलं असं म्हटलं असतं. इनटेकच्या बाजूला असते तर ऑइलवर संशय गेला असता. एक्झॉस्टच्या बाजूला म्हणजे उष्णता. एक तर पाणी फिरलं नाही, नाहीतर पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

हे सगळं मला वाटलं तेवढं पुरेसं होतं. सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करायचा, म्हणजे बोअर मारायची, त्यात थोडा मोठा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, पॅकिंग बदलायची, संपलं. सिलिंडर घेऊन बॅरी गावाच्या बाहेर एका शेडवजा वर्कशॉपात गेलो, आणि खरं तर ही पोस्ट लिहिण्याचं कारण तो म्हातारा आहे.

सत्तरीचा असेल. हयात स्नोमोबिलच्या इंजिनांवर गेलेली. इथं बर्फगाड्या आणि जेट-स्की ही एकाच घराण्यातली भावंडं. क्वेबेकमधल्या वाल्कूरला बॉम्बार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू आणली, त्यांच्याच कंपनीनं १९६८ मध्ये पाण्यावरची सी-डू काढून पाहिली. त्यामुळे इकडच्या लहान गावांत टू-स्ट्रोक कळणारे हात अजून सापडतात. त्यानं सिलिंडर उजेडात धरला, बोट आतून फिरवलं आणि विचारलं, “का गेलं?”

म्हटलं, पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरात अडकला.

“ते दिसतंय. का धरला?”

मी एक्झॉस्टच्या बाजूचं सांगितलं. त्यानं मान हलवली, पण सिलिंडर माझ्याकडं परत सरकवला. क्रँककेसला, म्हणजे सिलिंडरखालच्या बंद पेटीला, हवा भरून प्रेशर टेस्ट केली का? कार्बोरेटर उघडले का? थंड पाण्याच्या वाटेत वाळू, शेवाळ बघितलं का? “आधी का गेलं ते सांग, मग बोअर करतो. नाहीतर महिन्याभरानं तू परत येशील, आणि मला त्याच माणसाकडून दोनदा पैसे घ्यायला आवडत नाही.”

बघा, गिऱ्हाईक समोर, पैसे खिशात, काम त्याच्या हातचं, आणि हा बाबा नाही म्हणतो. शोरूममधल्या नकारात आणि या नकारात जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडं असे मिस्त्री नाहीत असं कुणी समजू नये, उद्यमनगरात प्लगच्या रंगावरून कार्बोरेटर सांगणारे मी पाहिलेत. पण खरं बोलायचं तर बहुतेक ठिकाणी “बोअर-पिस्टन करून टाकू” यावर विषय संपतो. गिऱ्हाइकालाच संध्याकाळी गाडी हवी असते, मिस्त्री तरी काय करणार?

घरी येऊन पाण्याची वाट पाहिली, मोकळी होती. जुने सिलिंडरच परत बसवले, एक्झॉस्टची आणि इनटेकची तोंडं रबर आणि पट्ट्यांनी बंद केली, हातपंपानं सात पीएसआय हवा भरली, जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही, काटा जागेवर. म्हणजे क्रँकच्या सील शाबूत, हवा चोरून येत नव्हती. मग कार्बोरेटर. आत एक बारीक जाळीचा फिल्टर असतो, नखाएवढा. मागच्या सिलिंडरच्या कार्बोरेटरमधला हिरवट चिकट गाळानं भरलेला. पेट्रोलच्या राखाडी नळ्या आतून विरघळत गेल्या होत्या, त्याचा तो लगदा. एवढ्या वर्षांत, तेही इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, रबर दुसरं काय करणार. हळू चालवताना पुरेसं पेट्रोल यायचं, पूर्ण थ्रॉटलला सिलिंडर उपाशी राहायचा. वर टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे आतला गारवाही कमी.

गाळ डबीत घालून म्हाताऱ्याकडं गेलो. तो हसला आणि म्हणाला, “आता पिस्टन आण.” सिलिंडर नव्हे, आधी पिस्टन. मूळ बोअर ८२ मिलिमीटर, ओरखडे खोल म्हणून ८२.५ वर जायचं ठरलं. पण डब्यावरच्या आकड्यावर त्याचा विश्वास नाही. आलेला पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून त्याच्या मापानं सिलिंडरमधली बीडाची नळी, स्लीव्ह, कापायची. (हे कोल्हापुरातही असंच करतात, हे मी त्याला आवर्जून सांगितलं. त्याला फारसा फरक पडला नाही.) एकच सिलिंडर गेला असला तरी दोन्ही एकाच मापाचे केले. शेवटी ऑइल धरून राहावं म्हणून होनिंगच्या तिरप्या रेघा, आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, पोर्टच्या, कडांची धार मोडून दिली, नाहीतर नवी रिंग तिथंच अडकून तुटते.

बाकी जोडणी मॅन्युअल समोर ठेवून केली. क्रँककेसमध्ये ॲल्युमिनियमचा चुरा राहू नये म्हणून आधी ती धुऊन काढली, बेअरिंग हातानं फिरवून बघितली. रिंगांची फट फिलर गेजनं मोजली, पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं, पिस्टनची पिन अडवणाऱ्या सर्क्लिप नव्या, आणि त्या बसवताना खालच्या तोंडात फडकं कोंबलेलं. सगळ्या नळ्या काळ्या, जाड रबराच्या टाकल्या, कार्बोरेटरना नवं किट. पहिल्या टाकीत पंपाच्या ऑइलखेरीज पन्नासास एक या प्रमाणात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलं.

घराजवळ पाइप लावून चालू करताना एक क्रम पाळावा लागतो. आधी इंजिन, मग पाणी, आणि बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरात शिरतं. तारकर्लीत, कळंगुटला जेट-स्की चालवणारी पोरं खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्यानं इंजिन धुतात, त्यांना हे पाठ असणार.

कॉम्प्रेशन दोन्हीकडं सारखं आलं. तळ्यावर पहिली टाकी थ्रॉटल वर-खाली करत संपवली, सलग जोर दिला नाही. पोरं वैतागली.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळा हिशेब सांगितला. ते म्हणाले, “एवढ्यात इथं एक होंडा शाईन आली असती.” आली असती, मान्य. पण शोरूमनं माहितीपत्रक दिलं होतं त्या नव्या मशीनच्या किमतीत कितीतरी शाईन आल्या असत्या, हे मी त्यांना सांगितलं आणि विषय बदलला. कारण आता जेट पंपाची वेअर रिंग झिजलेली दिसतेय. पाणी मागं फेकणारा पंखा म्हणजे इम्पेलर, तो आणि ही रिंग यांच्यातली फट वाढली की इंजिन नुसतं बोंबलतं, मशीन पुढं सरकत नाही. तो खर्च त्यांना पुढच्या फोनवर सांगेन.