आज्जीचं अर्धं ताट आणि माझं ॲडमिशन

बारावीचा रिझल्ट लागल्यापास्नं शिवाजी पेठेत भेटेल तो एकच विचारतोय, "नीटचं काय झालं?" नीट दिली, मार्क बरे पडले पण एमबीबीएसला पुरतील एवढे नाहीत, आणि रिपीट करणार नाही हे मी घरात सांगून टाकलं. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मग करणार काय?" सायकॉलॉजी मेजर म्हणजे मुख्य विषय, फिलॉसॉफी मायनर म्हणजे जोडविषय, आणि न्यूरोसायन्स म्हणजे मेंदूचं शास्त्र जिथनं मिळंल तिथनं. हे तीनदा सांगितलं तरी त्यांना वाटत होतं मी तीन वेगवेगळ्या कॉलेजांबद्दल बोलतीय.

हे खूळ आलं आज्जीच्या ताटातनं.

गेल्या पावसाळ्यात आज्जीला स्ट्रोक आला, मेंदूच्या उजव्या बाजूला. बोलणं मात्र पहिल्यासारखंच खणखणीत, कारण बहुतेकांचं भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं आणि तिची ती बाजू वाचली होती. घरी आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवताना कुरकुरली, "ठेचा का वाढला न्हाईस?" ठेचा ताटातच होता. आपल्याकडं मीठ, चटणी, ठेचा सगळं डावीकडंच वाढतात ना. भाकरी बघितली तर उजवी निम्मी बरोब्बर संपलेली, डावी निम्मी जशीच्या तशी. मला वाटलं डोळ्याचं काहीतरी असंल. ताट उचलून फिरवलं तर म्हणते कशी, "आता कुठनं आला? मगाशी द्यायला काय झालं हुतं?"

डॉक्टर म्हणाले ह्याला नेग्लेक्ट म्हणतात, म्हणजे डोळे चांगले असून डाव्या बाजूकडं लक्षच जात नाही, आणि काही जात नाहीये हेही माणसाला कळत नाही. मी शोधत बसले तर इटलीतला 1978 सालचा एक प्रयोग सापडला, बिसियाक आणि लुझात्ती ह्यांचा. त्यांनी असल्याच दोन पेशंटना सांगितलं की मिलानच्या कॅथेड्रलच्या चौकात उभं आहात असं मनात आणा, काय दिसतंय ते सांगा. सांगितलं ते सगळं उजवीकडचं. मग म्हणाले, आता मनातल्या मनात चौकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उलटं बघा. तर आधी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधी सांगितलेल्या गेल्या!

मला राहवलं नाही. "आज्जी, डोळे मीट. तालमीकडनं घराकडं चाललीयास. वाटंत काय काय लागतंय?" गिरणी, किराणा, शिंप्याचं दुकान. गणपतीचं देऊळ नाही, डेअरी नाही. "आता घरातनं तालमीकडं जा बघू." देऊळ आलं, डेअरी आली, आणि जिथनं तिनं चाळीस वर्षं पीठ दळून आणलं ती गिरणी गायब. अंगावर काटा आला, आणि सख्ख्या आज्जीवर प्रयोग केला म्हणून जरा लाजही वाटली.

तर ती गिरणी आज्जीला माहीत होती का नव्हती? कुठं बिघडलंय ते एमआरआयमध्ये दिसतं, लक्ष किती जातंय ते टेस्ट घेऊन मोजता येतं, पण डोक्यात आहे आणि तरी तिच्या हाताला लागत नाही त्याला "माहीत असणं" म्हणायचं का, हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही. पहिलं न्यूरोसायन्स, दुसरं सायकॉलॉजी, तिसरं फिलॉसॉफी. मला हे तिन्ही एका जागी पाहिजे होतं.

आबांनी विचारलं, "फिलॉसॉफी म्हंजे कीर्तन का?" आबा साखर कारखान्यातनं रिटायर. त्यांना चार्वाकांचं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या जडवादी विचारवंतांचं म्हणणं सांगितलं, की चैतन्य जड वस्तूंमधनंच उपजतं, जशी किण्व म्हणजे आंबवण पडल्यावर नशा तयार होते, आधी ती कुठल्याच जिनसात नसते. आबा म्हणाले, "बरोबर हाय की. मळीत कुठं असती नशा?" थोडं थांबून म्हणाले, "पर चढलीया हे मळीला कळतंय व्हय?" जड मेंदूतनं आतली जाणीव येते कशी, ह्याच अडचणीला डेव्हिड चाल्मर्स ह्या फिलॉसॉफरनं 1995 साली हार्ड प्रॉब्लेम नाव दिलं. ते सांगायला लागले तोवर आबा चहा मागायला उठले होते.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी-न्यूरोसायन्स-सायकॉलॉजी ह्या नावाचा मेजरच आहे. फी बघितली आणि टॅब बंद केला. आपल्याकडं 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनर आलंय खरं, पण एका कॉलेजात गेले तर फिलॉसॉफीचं लेक्चर आणि सायकॉलॉजीचं प्रॅक्टिकल एकाच वेळेला, आणि काउंटरवरचे सर म्हणतात सायन्सचं पोरगं आर्ट्सला कशाला. शेवटी दुसरीकडं जमलं. पुढं आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्सची, म्हणजे मन आणि मेंदू कसं काम करतात त्या शास्त्राची एमएस्सी आहे, अलाहाबाद विद्यापीठात तर ह्याचं अख्खं सेंटर आहे, तिकडं डोळा ठेवून आहे.

भीती नाही असं नाही. तीन विषयांत पाय ठेवून एकातही मुरायचं नाही, ही भीती खरी आहे. सायकॉलॉजी म्हणजे मनातलं ओळखणं अशी समजूत करून येणाऱ्यांना पहिल्याच वर्षी स्टॅटिस्टिक्स भेटतंय, ते वेगळंच.

फिजिओवाल्या ताईंनी सांगितल्यावर ताटाच्या डाव्या काठाला लाल टेप चिकटवलीय. जेवताना आधी लाल शोधायचं, मग तिथनं उजवीकडं यायचं. महिनाभर रोज आठवण करून द्यावी लागली. काल मी पाणी आणायला गेले, येऊन बघते तर आज्जीनं स्वतःच ताट फिरवून घेतलेलं. ठेचा सापडला होता. तिखट कमी पडलंय म्हणाली.