भिंतीवर मराठी वेळ

आजचा रविवार सत्कारणी लागला. घरी बनवलेलं शब्दघड्याळ अखेर सुरू झालं! काटे नाहीत, आकडे नाहीत. अक्षरांच्या चौकटीतून हवे तेवढेच शब्द उजळतात. 'सव्वा सात', 'पावणेआठ'. दीड आणि अडीचला वेगळी जागा दिली, साडेएक कोण म्हणतं? जोडाक्षरं मात्र तोडली नाहीत. 'सव्वा'मधला 'व्वा' अख्खा एकाच खणात.

सामान सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं. आर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), डब्ल्यूएस२८१२बी एलईडीची पट्टी (यातला प्रत्येक दिवा वेगळा पेटवता येतो) आणि वेळ राखणारं डीएस३२३१ मॉड्यूल. हे मॉड्यूल माझं सगळ्यात लाडकं. तापमान बदललं की स्वतःला सावरून घेतं, त्यामुळे वर्षभरात फार तर मिनिटभर पुढेमागे. लाईट गेली तरी बटन सेलवर वेळ चालूच.

110 एलईडी एकदम पूर्ण पांढरे पेटवले तर साडेसहा अँपिअर लागतील. पण एका वेळी पेटतात दहा-बाराच, म्हणून साधा 5 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर पुरतो.

खरा वेळ गेला तो उजेड आवरण्यात. शेजारच्या खणात जरा जरी झिरपला तरी अक्षर धूसर दिसतं. फोमबोर्डाच्या पट्ट्या कापून खणाखणात भिंती उभ्या केल्या, मागून बटर पेपर लावला, तेव्हा कुठे कडा स्वच्छ आल्या.

आईने स्वयंपाकघरातून, चष्म्याशिवाय वाचलं, "साडेसहा! चहा टाकू?"

आता लाईट सेन्सर लावायचाय, रात्री उजेड आपोआप मंद व्हायला हवा. कोणाला कोड हवा असेल तर सांगा, आनंदाने देईन.