तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या आवाजाची कसली भीती?

"काही दिसतच नाही, तर घाबरायचं कशाला?" भयश्रुतिका, म्हणजे रेडिओवरची भीतीची नाटकं, ऐकते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. परवा तुम्हीही विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

किंकाळ्या, दारांची करकर, वीज कडाडणं यांनी मी दचकते; पण ते तेवढ्यापुरतंच. खरी भीती मला वाटते ती सांगणाऱ्याच्या निवांतपणाची. भयंकर काहीतरी घडून गेलंय आणि हा माणूस मात्र चहा पिता पिता बोलावं तसा बोलतोय, म्हणजे याचं नक्की काय झालंय?

विलिस कूपर या अमेरिकन लेखकाला हे फार चांगलं कळलं होतं. 1934 साली शिकागोच्या रेडिओवर त्याने 'लाइट्स आउट' सुरू केलं, तेव्हा सगळा मामला उघडावाघडा होता. हाड मोडल्याचा आवाज हवा, की स्टुडिओत खरोखरच्या बरगड्या फोडायच्या. पुढे 1947 मध्ये त्याच माणसाने 'क्वाएट, प्लीज' ही मालिका लिहायला घेतली आणि आवाज पार खाली आणला. निवेदक अर्नेस्ट चॅपल "क्वाएट, प्लीज" म्हणतो, काही सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग तो पुन्हा तेच म्हणतो. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे केवढं धाडस! लोक स्टेशन बदलतील ही धास्ती असतेच. पण त्या शांततेत आपण आपल्याच खोलीतले आवाज ऐकायला लागतो, आणि तिथेच कूपरचं काम निम्मं झालेलं असतं.

माझा सगळ्यात आवडता भाग ऑगस्ट 1948 मधला, 'द थिंग ऑन द फोर्बल बोर्ड'. चार पाइप एकमेकांना जोडून उभे केले की त्यांच्या वरच्या टोकाशी, तेलविहिरीच्या मनोऱ्यावर जी फळी येते, ती फोर्बल बोर्ड. पूर्वी अशा विहिरीवर राबलेला एक कामगार आपल्या घरी पाहुण्याला ही हकीकत सांगतोय. तो पाहुणा म्हणजे आपण. जमिनीखाली मैलभराहून खोल थरातून काढलेल्या दगडाच्या नमुन्यात भूगर्भतज्ज्ञाला एक अंगठी सापडते. मग एक बोटही. कामगार झालेला चॅपल हे सांगताना आवाज चढवत नाही. थांबतो, शब्द शोधतो, पाइप कसे जोडतात ते समजावत बसतो, मधेच आतल्या खोलीतल्या बायकोला हाक मारतो. ती हाक दुसऱ्यांदा ऐकताना नीट ऐका, एवढंच म्हणते. शेवट सांगणार नाही.

आणि वरच्या अंधारातून जे रडणं येतं, ते लहान मुलासारखं आहे. सेसिल रॉय या अभिनेत्रीचा तो आवाज. त्यात आधी कीव येते, भीती मागाहून. ते जे काही आहे ते कूपर दाखवत बसला असता, तर मी ते विसरूनही गेले असते. आता मात्र मीच ते रचलंय, माझ्या डोक्यात, माझ्या मापाचं.

ऐकायचं असेल तर हेडफोन लावा आणि आवाज बेताचा ठेवा. या मालिकेच्या बऱ्याच भागांचं रेकॉर्डिंग खरखरीत आहे, पण पाच मिनिटांत कान सरावतो. स्वयंपाक करता करता मात्र ऐकू नका, कुकरची शिट्टी नेमकी नको तिथे होते.

मराठीत हल्ली भयकथा ऐकवणारे खूप झालेत, आणि त्यातले कितीतरी आवाज मुळात सुंदर आहेत. पण प्रत्येक वाक्यामागे रातकिडे आणि घुमणारं संगीत ठेवायची काय गरज असते? आपल्याकडे श्रुतिकेची चांगली परंपरा आहे, आणि 1974 मध्ये तेल सापडल्यापासून मुंबई हायवर भर समुद्रात रिग उभ्या आहेत. तिथली पाळी संपवून घरी आलेल्या एखाद्या माणसाने हळू आवाजात, फक्त मला सांगतोय अशी एक गोष्ट सांगावी. मी ती दिवे घालवून ऐकेन.